काम : दाराची करकर बंद करणे

गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता पाचरने मिस्त्रींच्या घराचं दार दुरुस्त केलं, आणि संध्याकाळी सातच्या आत त्या घरातली तीन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

पाचर हे काही तिचं खरं नाव नव्हे. सुतारकाम शिकायला आली त्या पहिल्याच आठवड्यात ती प्रत्येक कामात, प्रत्येक बोलण्यात, आणि एकदा तर दोन गिऱ्हाइकांच्या भांडणातही शिरली होती. तेव्हा मिस्त्री रंधा थांबवून म्हणाले होते, "ही पोरगी नाही, पाचर आहे. फट दिसली की घुसते." नाव बसलं. सुतारांकडे एकदा बसलेली गोष्ट सहसा हलत नाही.

शिकाऊ ठेवायची मिस्त्रींची पद्धत ठरलेली होती. पहिले सहा महिने सांगितलं तेवढंच करायचं. फळी धर म्हटलं की धरायची, सोड म्हणेपर्यंत सोडायची नाही. पूर्वीचा एक शिकाऊ, मिस्त्री मध्येच उठून जेवायला गेले तरी, पाऊण तास फळी धरून उभा होता. त्याची आठवण मिस्त्री अजून हळव्या आवाजात काढत. केलेलं प्रत्येक काम एका लांबट वहीत लिहायचं, त्याच्यापुढे मिस्त्री शेरा लिहून सही करणार. वहीत खाडाखोड चालत नसे. आणि सहा महिने संपताना एक काम, एकच, आपल्या मनाने करायचं. कुठलं, ते मिस्त्री सांगत नसत.

"तेच तर बघायचं असतं," ते म्हणायचे. "हात काय, सगळ्यांचेच तयार होतात. काय करायला हवंय ते दिसतं का, हा खरा प्रश्न."

ते काम मिस्त्रींना पटलं तर पुढची दोन वर्षं पक्की. नाही पटलं तर वही हातात आणि आपण रस्त्यावर. पाचरच्या बाबतीत तो रस्ता थेट मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात जात होता. आईने आणि मामाने मिळून ठरवलं होतं: पास झाली तर खुशाल लाकडं काप, नाही झाली तर एक तारखेपासून मामाकडे कागद घाल, कागद काढ. मामाने तिच्यासाठी बसायला स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं. ते स्टूल प्लास्टिकचं होतं. या सगळ्या प्रकारात पाचरला सर्वांत जास्त ते लागलं होतं.

तिच्याआधीच्या शिकाऊंनी मनाने केलेली कामं दुकानात अजून होती. एकाने चपलांचं कपाट केलं होतं, एकाने हत्यारांसाठी फळ्या ठोकल्या होत्या. पाचरला नवीन काही ठोकायचं नव्हतं. जे रोज समोर आहे आणि रोज चुकतंय असं काहीतरी तिला हवं होतं. आणि ते तर अगदी समोरच होतं. रस्त्यावरून आत आलं की पुढे दुकान, दुकानाच्या मागे मिस्त्रींचं घर, आणि दोघांच्या मध्ये एक दार. घरात जायला-यायला दुसरी वाट नव्हती. ते दार करकरायचं.

नुसतं करकरायचं असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. ते खालच्या आवाजात सुरू व्हायचं, मध्यावर चढायचं, तिथे क्षणभर रेंगाळायचं आणि घसा साफ केल्यासारखं करून थांबायचं. घरातला प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी त्याच्या नावाने बोटं मोडत असे.

"साऱ्या जगाची दारं नीट करतात," काकू, म्हणजे मिस्त्रींची बायको, म्हणायच्या. "आमचंच मेलं तेवढं राहिलंय."

"या आवाजात अभ्यास कसा होणार?" अकरावीतले चिरंजीव विचारायचे.

"बघतो एकदा," मिस्त्री म्हणायचे. हे 'बघतो एकदा' बावीस वर्षं चालू होतं.

तर गुरुवारी मिस्त्रींच्या वडिलांच्या डोळ्यांची तपासणी होती. आजोबाही जन्मभर सुतारच. आता त्यांना उजेड आणि अंधार यापलीकडे फारसं दिसत नव्हतं. त्यांना घेऊन मिस्त्री निघाले. डॉक्टर काय सांगतात ते मिस्त्री नीट ऐकणार नाहीत म्हणून काकू निघाल्या. घरी थांबलं तर अभ्यास करावा लागेल म्हणून चिरंजीव निघाले. दुकान पाचरवर सोपवलं गेलं.

एकच्या सुमारास तिने दार उतरवलं. तिन्ही बिजागऱ्या सोडवून गंज खरवडला. मधल्या बिजागरीतली सळई वाकली होती, ती ठोकून सरळ केली. दाराची कड चौकटीला घासत होती, तिथे सूतभर रंधा मारला, मेण चोळलं, तेल सोडलं, आणि दार पुन्हा चढवलं. एका बोटाने ढकललं तर दार असं उघडलं की उघडलंय हे डोळ्यांनी बघावं लागलं. पाचरने वही काढली आणि शाईने, वळणदार अक्षरात लिहिलं : 'काम : दाराची करकर बंद करणे. वेळ : अडीच तास. साहित्य : तेल, मेण, नवे स्क्रू तीन.' निकाल सोमवारी होता. तोवर कुणाला काही सांगायचं नाही असं तिने ठरवलं.

मंडळी परत आली तेव्हा तिने दार उघडंच ठेवलं होतं. डॉक्टर नक्की काय म्हणाले यावर आत येईपर्यंत वाद चालला होता, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. चांगल्या दुरुस्तीचं असंच असतं, असा विचार पाचरने केला आणि भुसा झाडायला घेतला.

साडेपाचला काकू चहाचे रिकामे कप न्यायला दुकानात आल्या आणि कप घेऊन परत गेल्या. आत मिस्त्री स्वयंपाकघरातल्या फळीजवळ उभे होते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून मिस्त्री रोज साडेपाचला क्रीमची दोन बिस्किटं खात असत. करकर सुरू होऊन संपेपर्यंत एक बिस्कीट गिळून हात पुसता येतो, हे त्यांनी अनुभवाने पक्कं केलं होतं. त्या दिवशी करकर झालीच नाही.

"हे काय?" आतून काकूंचा आवाज आला.

"बिस्कीट."

"ते दिसतंय. आणलं कुणी?"

"असंच. कुणीतरी विसरून गेलं असेल."

"तुमच्या तोंडात?"

मिस्त्री रागारागाने दुकानात आले आणि कापायची नव्हती अशी एक फळी कापून टाकली. दहा मिनिटांनी राग उतरला तसे ते समजूत घालायला पुन्हा आत गेले. काकू दाराकडे पाठ करून बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "नाही गं. मी तोंडावर हो म्हणते आणि मला हवं तेच करते. त्यांना वाटतं त्यांनी ठरवलं. घराचा रंग, याची शाळा, सगळं असंच. वीस वर्षं सुरळीत चाललंय." आपला संसार कसा चालतो याची इतकी मुद्देसूद माहिती मिस्त्रींना प्रथमच मिळत होती. त्यांनी ती उभ्याने पूर्ण ऐकली.

मग आजोबांच्या कानावर जायला नको म्हणून दोघं दुकानात येऊन भांडली. पाचर एका पाटाला पॉलिशपेपर मारत मान खाली घालून बसली. भांडण संपत आल्यावर दोघं बरोबरच आत गेली, तेही तावातावाने पण दाराच्या बाजूने अगदी निःशब्दपणे. चिरंजीव गणिताचं पुस्तक उघडून बसले होते. पुस्तकात मोबाइल होता. मोबाइलवर एक अनोळखी मुलगा कुठलासा खेळ खेळत होता. चिरंजीवांना स्वतः खेळायचाही कंटाळा होता, म्हणून ते दुसऱ्याला खेळताना बघत होते.

सातला पाचर घरी निघाली तेव्हा आतून फक्त भांड्यांचे आवाज येत होते.

शुक्रवारी सकाळी पहिले चिरंजीव आले. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग पाचरकडे.

"ताई, दाराचं तूच केलंस ना?"

"छान झालंय ना?"

"परत कर."

"काय परत करू?"

"आवाज. अगदी पहिल्यासारखा नको हवं तर. पण समजायला हवं." मग ते जवळ आले. "आईबाबांना बोलायचं नाही. शप्पथ."

अकराला काकू चहा घेऊन आल्या. एरवी चहा ठेवून त्या लगेच वळत. आज कडेच्या बाकावर बसल्या.

"दार छानच झालंय हो. हाताला काय मऊ लागतं. पण कसंय, घराला जरा आवाज असावा. अगदीच ओकंबोकं वाटतं बघ."

"म्हणजे करकर हवी का काकू?"

"मी कशाला म्हणू? मीच तर इतकी वर्षं ओरडत होते." त्यांनी पदराने बाकावरचा भुसा झटकला. "पण झाली तर मी काही म्हणणार नाही. आणि हे तुझ्या-माझ्यातच राहू दे."

जेवणानंतर मिस्त्री आले. त्यांनी हातातली पट्टी उगाचच दोनदा मोजली.

"हे बघ पाचर. सोमवारी मी तुझं काम बघणार. तोवर तू कुठलं काम केलंयस हे मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेल्या कामाबद्दल मी बोलत नाही."

"बरं."

"पण समज. आपलं उदाहरण म्हणून. समज, एखादं दार गरजेपेक्षा जास्त गुळगुळीत झालं."

"तर ते करकरायला हवं?"

"मी असं म्हटलं?"

"नाही."

"मग झालं तर." ते वळले, पुन्हा थांबले. "आणि मी काहीच म्हटलेलं नाही, हेही कुणाला सांगायचं नाही."

एका करकरीला तीन गिऱ्हाइकं आली होती, आणि तिघांनाही पावती नको होती. रागवायचं की हसायचं ते पाचरला कळेना. अडचण तिच्या लक्षात आली: दार करकरत नाही अशी तक्रार उघडपणे करायची, तर करकर आपल्याला कशाला लागत होती ते सांगावं लागणार. म्हणून सगळं घर गप्प होतं.

चारच्या सुमारास ती पाणी प्यायला आत गेली. आजोबा दाराशेजारच्या त्यांच्या खुर्चीत ताठ बसले होते. एरवी ते पाठ टेकून बसत.

"कोण?" ते एकदम दचकून म्हणाले.

"मी आहे आजोबा. पाचर."

"केव्हा आलीस?"

"आत्ताच."

"दारातून?"

"हो."

"मग ते बोललं का नाही?"

पाचरने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मग तिने काल काय केलं ते सांगितलं. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी बिजागऱ्यांची चौकशी केली, कड किती काढली ते विचारलं, सळई सरळ करताना खाली काय घेतलं होतं तेही विचारलं.

"काम नीट केलंस," ते म्हणाले. "पण माझी पंचाईत झाली. हा मिस्त्री दार एका धक्क्यात उघडतो, त्यामुळे जाड आणि आखूड आवाज यायचा. सुनेचे हात नेहमी भरलेले, ती कोपराने ढकलते. तिचा दोन तुकड्यांत. नातू आपला कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू उघडायचा, म्हणून त्याचाच सगळ्यात लांब. कोण आलं, काय मनःस्थितीत आलं, सगळं बसल्या जागी कळायचं. कालपासून घरात कुणी येतच नाही. माणसं एकदम उगवतात. काल सुनेने कप हातात दिला, मी दचकून तिच्या हातावर सांडला."

"माझा कसा यायचा?" पाचरने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"तू अर्धं उघडतेस आणि थांबतेस. आत येऊ का म्हणून दारालाच विचारल्यासारखं."

आपण कुठेही बिनदिक्कत घुसतो अशी पाचरची सहा महिन्यांची समजूत होती. तिने पाणी प्यायलं, पेला पालथा ठेवला आणि त्या तिन्ही गिऱ्हाइकांची गोष्ट बाजूला ठेवून ठरवलं की हे दार बोलतं करायचं.

तिला वाटलं, दुरुस्तीला अडीच तास लागले तर बिघडवायला अर्धा तास पुरे. शनिवारी सकाळी तिने सगळं तेल पुसून काढलं. दार गप्प. मिठाचं पाणी लावलं. दार गप्प, फक्त ओलं. सरळ केलेली सळई पुन्हा वाकवली, तर दार मध्येच अडकलं आणि चिरंजीव पाऊण तास घरात कोंडले गेले. त्या पाऊण तासात त्यांनी अभ्यास केला असं त्यांचं म्हणणं होतं. बिजागरीत खडूची पूड घातली, तेव्हा दार दात खाल्ल्यासारखं वाजलं आणि पुन्हा गप्प झालं. शेवटी ती कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली.

"दार करकरण्यासाठी काही मिळतं का?"

"न करकरण्यासाठी," दुकानदाराने तेलाची बाटली पुढे ठेवली.

"नाही, करकरण्यासाठीच हवंय."

दुकानदाराने बाटली मागे घेतली. त्याने हा प्रश्न गंभीरपणे घेतला, हे त्याचं मोठेपण. "असं काही येत नाही," थोड्या वेळाने तो म्हणाला. "नवीन दार लावा आणि वीस वर्षं थांबा. दुसरा उपाय मला तरी माहीत नाही."

निकालाला दोन दिवस उरले होते. पाचरने परत येऊन वरच्या बिजागरीखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला. दार तिरकं झालं आणि त्यातून एक बारीक, वर चढत जाणारा आवाज आला. शेळीला कुणीतरी अवघड प्रश्न विचारावा तसा. हरकत नाही, तिने मनाशी म्हटलं. आवाज तर आला.

संध्याकाळी मिस्त्री आत गेले. शेळी बोलली.

"कोण आलंय?" आजोबा सावरून बसले.

"मी आहे बाबा."

"तू नंतर बोललास. आधी कोण आलं?"

"कुणी नाही आलं."

"माझे डोळे गेलेत, कान नाही. त्यांना बसायला दे."

मागून काकू आल्या. शेळी पुन्हा बोलली.

"आणखी एक आले," आजोबा म्हणाले.

चिरंजीव दोनदा आत-बाहेर करून आले. साडेसातपर्यंत आजोबांच्या हिशेबाने घरात चार पाहुणे बसले होते, आणि एकजणही अक्षर बोलत नव्हता. आजोबांना त्यांची दया येऊ लागली. "लाजाळू दिसतायत," ते म्हणाले. "सूनबाई, निदान चहा तरी विचार." किती सांगितलं तरी ते ऐकेनात, तेव्हा काकूंनी वाद संपवण्यासाठी खरोखरच एक कप चहा करून रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. चहा वाया जायला नको म्हणून तो मिस्त्रींनी घेतला. पाहुण्यांचा चहा होता, त्यात दोन चमचे साखर होती. मिस्त्रींनी तो शांतपणे, डोळे मिटून प्यायला आणि विचारलं, "ते दुसरे आलेत, त्यांचं काय?"

रविवारी दुकान बंद असतं. पाचर तरीही आली. तिने पुठ्ठा काढून टाकला, स्टूल घेऊन दारापाशी बसली आणि आतल्या खुर्चीतून आजोबा म्हणाले, "आता मी सांगतो तसं कर."

सहा महिन्यांत आजोबांनी तिला काही शिकवलं नव्हतं. शिकवण्यासाठी बघावं लागतं असा सगळ्यांचाच समज होता. "खालचा स्क्रू पाव फेरा सोड," ते म्हणायचे. "आता उघड. नाही, हे नुसतं ओरडतंय. आवळ. मधली सळई काढ, उलटी घाल. उघड. हं. आता वजन कुठे येतंय ते हाताला कळतंय का बघ. डोळे मीट आणि बघ." पाचरने डोळे मिटले. दाराचं वजन तिच्या तळव्यात आलं, खांद्यापर्यंत चढलं, आणि कुठल्या बिजागरीवर ते जास्त बसतंय हे तिला खरंच कळलं. दुपारी बारापर्यंत दोघांनी मिळून तिन्ही बिजागऱ्यांची अकरा वेळा खोडी काढली. बाराव्या वेळी दार खालच्या आवाजात सुरू झालं आणि मध्यावर जरा घोगरं होऊन थांबलं.

"हे जुनं नाही," आजोबा म्हणाले. "पण माणसातलं आहे. आता एकेकाला पाठव."

चिरंजीवांना पाठवलं. आजोबा ऐकत राहिले. "नातू. चोरासारखा." काकू हातात परात घेऊन आल्या. "सूनबाई. आज राग कमी आहे." मिस्त्रींनी नेहमीसारखा धक्का दिला. आजोबा नुसते हसले आणि पाठ टेकून बसले. मग पाचर बाहेर गेली आणि दार ढकलून आत आली.

"ही नवीन कोण?" आजोबांनी विचारलं.

"मीच आहे आजोबा."

"थांबली नाहीस आज."

ती घरी गेली ती तरंगतच. आणि जेवताना, घास तोंडाशी असताना, तिला वही आठवली. 'काम : दाराची करकर बंद करणे.' शाईने. वळणदार अक्षरात. खाडाखोड चालत नाही. उद्या मिस्त्री ही ओळ वाचणार, दार उघडणार, आणि दार करकरणार.

सोमवारी ती नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर आली. हातात तेलाची कुपी होती. प्रत्येक बिजागरीत दोन थेंब सोडले की परीक्षेपुरतं दार गप्प बसलं असतं. प्रश्न त्यानंतरचा होता. कालचा आवाज त्या दोघांनी कसा आणला हे तिला पायरीपायरीने सांगता आलं नसतं. बाराव्या वेळी तो आला होता, एवढंच खरं. तेलानंतर तो परत येईल याची खात्री नव्हती. तिने कुपीचं टोपण काढलं. तिला प्लास्टिकचं स्टूल दिसलं, झेरॉक्सचा हिरवा उजेड दिसला, मामा 'दोन्ही बाजूंनी का एका?' असं विचारताना दिसला. तिने टोपण लावलं आणि कुपी फळीवर ठेवून दिली.

दहाला सगळं घर जमलं. चिरंजीवांना कॉलेजला उशीर होत होता, तरी ते थांबले. मिस्त्रींनी चष्मा लावून वही उघडली आणि जन्मात प्रथमच ऐकतोय अशा चेहऱ्याने वाचलं, "काम, दाराची करकर बंद करणे. दाखव."

पाचरने दार उघडलं. दाराने मनात होतं ते सगळं सांगितलं.

"बंद झाली?" मिस्त्रींनी विचारलं.

"झाली होती."

"आत्ताचं विचारतोय."

"नाही."

"का नाही?"

काकू छताकडे बघू लागल्या. चिरंजीवांनी गणिताचं पुस्तक उघडलं आणि या वेळी त्यात खरंच गणित होतं. मिस्त्री स्वतः वहीच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले. तीन वाक्यांत पाचर सुटली असती. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक. तिने तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "आधी विचारायला हवं होतं."

"कुणाला?"

"ज्यांना ते दार ऐकू येतं त्यांना."

मिस्त्री लिहू लागले. एरवी त्यांचा शेरा दोन शब्दांचा असे. आज पेन बराच वेळ चाललं. "एवढं काय लिहितोयस?" आतून आजोबांनी विचारलं. मिस्त्रींनी सही केली, वही पाचरच्या हातात दिली आणि म्हणाले, "वाच मोठ्याने."

"'काम अपूर्ण,'" पाचरने वाचलं. पुढचं अक्षर लागायला वेळ लागला. "'शिकाऊला काम अर्धवट टाकून जाता येणार नाही. दाराची करकर पूर्ण बंद होईपर्यंत तिला इथून सोडू नये.'"

काकूंनी छतावरून नजर काढली.

"किती दिवस लागतील तुला?" मिस्त्रींनी करड्या आवाजात विचारलं.

पाचरने दाराकडे बघितलं. एक सुतार दुसऱ्याला सांगतो तशा आवाजात तिने उत्तर दिलं, "सांगता येत नाही मिस्त्री. दार जुनं आहे."

"घाई करू नकोस," काकू म्हणाल्या. "काम कसं नीट झालं पाहिजे."

संध्याकाळी आईने तो शेरा तीनदा वाचला. एकदा उभ्याने, एकदा बसून आणि एकदा चष्मा लावून.

"म्हणजे पास की नापास?"

"नापास," पाचर म्हणाली. "पण पक्की."

"मामाला काय सांगू?"

"सांग, काम चालू आहे."

आईने वही मिटून टेबलावर ठेवली. ती समजावेल, रागावेल की मामाला फोन लावेल याचा पाचरला अंदाज येत नव्हता. आई उठली, स्वयंपाकघरात निघाली आणि उंबऱ्याशी थांबली.

"एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "आपल्या दाराला हात लावायचा नाही."

"का? त्याला काय झालंय?"

"काही नाही झालेलं," आई म्हणाली आणि आत गेली. तिच्यामागे दार कुरकुरत बंद झालं.